परसातील खार आणि आपले अणुव्रत

गेल्या फाल्गुनात आमच्या परसातील एका खारीने उच्छाद मांडला होता. वाळत घातलेले शेंगदाणे, कुरडया, डाळिंबाची कोवळी फळे, काहीच तिच्या तावडीतून सुटत नव्हते. अखेर उंदरांचा पिंजरा लावला. खार सापडली, आणि आम्ही तिला गावाबाहेरच्या आमराईत सोडून आलो. 'मारली तर नाही ना!' या समाधानात ती रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी माळ्याच्या कोपऱ्यातून क्षीण चिवचिवाट ऐकू आला. काथ्या आणि कापसाच्या घरट्यात दोन पिल्ले होती. एक गतप्राण झाले होते. दुसरे एका प्राणिमित्राकडे पोहोचविले, परंतु तेही रात्र काढू शकले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आईला नेलंत, पण लेकरं इथंच राहिली होती गं."

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकतो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिचार म्हणजे व्रताचा पूर्ण भंग नव्हे, पण व्रताला लागलेला डाग खचितच. खारीला कोंडले तो बंध झाला आणि पिल्लांना आईच्या दुधापासून तोडले तो अन्नपाननिरोध झाला. प्राण आम्ही घेतले नाहीत असे म्हणण्यास तरी जागा उरली होती काय? मारले नाही एवढ्याने अहिंसा पुरी होत नाही. तिला यत्नाचाराची, म्हणजे आधीच घेतलेल्या सावधगिरीची जोड लागते.

शिवाय पकडून दूर सोडण्याने हेतूही साधत नाही. परक्या जागी त्या जीवाला निवारा आणि अन्न नव्याने शोधावे लागते, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरी खार येते. खाण्याची आणि घरट्याची सोय जोवर आपल्या अंगणात आहे, तोवर पाहुणे येतच राहणार.

म्हणून प्रथम त्या जीवाचा स्वभाव जाणून घ्यावा. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी तिला सतत कुरतडावेच लागते. त्यात तिचा द्वेष नसतो. एका वेळी तिला साधारणतः दोन ते चार पिल्ले होतात आणि ती सुमारे दोन-अडीच महिने आईवर अवलंबून असतात. तेव्हा माळ्याचे वा छपराचे भोक बुजविण्यापूर्वी त्यात कागदाचा सैल बोळा ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो बाहेर ढकलला गेला, तर आत कोणी राहत आहे असे समजावे आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबावे. बोळा जागचा हलला नाही आणि आतून आवाजही येत नाही अशी खात्री पटल्यावरच जाळी किंवा सिमेंट लावावे.

फळांसाठीही असेच उपाय आहेत. डाळिंब, पेरू, आंबा यांना फळ लहान असतानाच कापडी किंवा कागदी पिशवी बांधावी. चिकू उतरविल्यानंतरही पिकतो. तो तयार होताच काढून घ्यावा, म्हणजे वटवाघळांचा फेराही कमी होतो. नारळाच्या बुंध्याला जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, तर उंदीर व खार वर चढू शकत नाहीत; मात्र शेजारच्या फांद्या झाडाला टेकलेल्या नसाव्यात. नायलॉनची सैल जाळी टाळावी. तिच्यात पक्षी आणि साप अडकून तडफडतात.

आपल्या घरांत जीवदयेपोटी गच्चीवर धान्य टाकण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे. पण रात्री उरलेले दाणे हे उंदरांना आमंत्रण ठरते, आणि उंदरांमागोमाग धामण किंवा नागही येतो. सकाळी तबकात बेताचे दाणे ठेवावेत आणि सूर्यास्तापूर्वी तबक उचलावे. रात्रिभोजनत्याग आपण पाळतोच. त्याची शिस्त गच्चीलाही लावावी.

उंदरांसाठी बाजारात चिकट पुठ्ठे मिळतात. त्यांवर चिकटलेला जीव तासन्‌तास, कधी दिवसभर, भुकेने आणि भीतीने मरत राहतो. उंदरांसोबत पाल, चिमणी, खारही त्यावर अडकतात. ही तर जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा. श्रावकाच्या घरात तिला स्थान नाही. पेन्सिल शिरेल एवढे छिद्रही लहान उंदराला पुरते, म्हणून मोरीला बारीक जाळी बसवावी आणि दारांखालच्या फटी बुजवाव्यात. चिचुंद्री मात्र उंदराच्या जातीची नव्हे. ती झुरळे आणि किडे खाते. तिला जाऊ द्यावे.

माकडांना हाताने खाऊ घालू नये. त्याने ती धीट होतात आणि पुढे घरात शिरतात. साप दिसल्यास काठी न उचलता, दूर उभे राहून, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. आपल्या व्रताचा आदेश त्याहून कितीतरी जुना आहे.

यंदा पर्युषणात प्रतिक्रमणाला बसले, तेव्हा सर्व जीवांची क्षमा मागताना ती दोन पिल्ले डोळ्यांपुढे आली. क्षमा मागून झाल्यावर, घरी येऊन, मी पिंजरा भंगारात दिला. माळ्याच्या भोकात कागदाचा बोळा आजही ठेवलेला आहे. रोज सकाळी मी तो पाहते.