उजव्या कुशीतली हवा

आठ महिन्यांचं बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी ओढतं, पांढरंफटक पडतं. चार-पाच मिनिटांनी कळ ओसरते आणि ते आईच्या खांद्यावर मान टाकून पडून राहतं. घरच्यांना वाटतं, दुखणं गेलं. कुणी दृष्ट काढतं, कुणी बेंबीभोवती हिंग लावतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तीच किंचाळी. असं बाळ रात्री तालुक्याच्या दवाखान्यात आलं, की डॉक्टरांच्या मनात एक नाव डोकावायलाच हवं: इंटससेप्शन.

सदरा घाईने काढताना बाही आतल्या आत शिरते, तसंच आतड्याचं होतं. आतड्याचा वरचा भाग खालच्या भागात घुसतो. बहुतेक वेळा लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्यात, पोटाच्या उजव्या बाजूला. आत जाताना तो आपल्या रक्तवाहिन्यांनाही ओढून नेतो. त्या दाबल्या जातात, आतडं सुजतं आणि वेळेत सुटलं नाही तर सडतं. तीन महिने ते तीन वर्षं हे याचं मुख्य वय, त्यातही पहिल्या वर्षाचा उत्तरार्ध.

सोनोग्राफी हाताशी नसलेल्या ठिकाणी पहिली पायरी पोटाच्या एक्स-रेची असते. टेक्निशियन आधी आई गरोदर नाही ना, हे विचारतो, मग तिला लेड ॲप्रन चढवतो. बाळाचे हातपाय तिलाच धरायचे असतात. पहिला एक्स-रे उताणा. दुसऱ्यासाठी बाळाला डाव्या कुशीवर वळवतात आणि यंत्राचा झोत आडवा सोडतात. बाटली आडवी केली की बुडबुडा वर येतो, त्याच न्यायाने आतड्यातली हवा आता वर आलेल्या उजव्या बाजूला चढते. मोठ्या आतड्याची सुरुवात, म्हणजे सीकम, तिथेच आहे. ती मोकळी असेल तर हवेने भरून काळी दिसते. काही ठिकाणी पालथं झोपवूनही एक्स-रे काढतात, कारण त्या स्थितीतही उजवीकडच्या आतड्यात हवा जायला वाव मिळतो.

म्हणजे एवढी खटपट त्या एका काळ्या डागासाठी. सगळ्या एक्स-रेंमध्ये सीकम आणि चढत्या मोठ्या आतड्यात हवा स्पष्ट दिसली, तर इंटससेप्शनची शक्यता बरीच कमी होते. ती जागा रिकामी आणि करडी दिसली, तर संशय बळावतो. पण इथे एक फसगत आहे. तान्ह्या बाळाचं सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग, लांब आणि सैल असतो. तो उजवीकडे लवंडतो, त्यातली हवा सीकमच्या जागी दिसते आणि वाचणारा निर्धास्त होतो. म्हणून मुरलेला रेडिओलॉजिस्ट हवा दिसली एवढ्यावर थांबत नाही. ती हवा कुठून सुरू होते आणि कुठे जाते, हे नजरेने धरत जातो.

मग तो यकृताखाली पाहतो. घुसलेल्या आतड्यासोबत चरबीही आत ओढली गेलेली असते. एक्स-रेवर चरबी मांसापेक्षा काळी उमटते, म्हणून उजव्या बाजूला वरच्या भागात कधी एकात एक दोन काळसर कडी दिसतात. त्यांना टार्गेट साइन म्हणतात. कधी घुसलेल्या आतड्याचं टोक हवा भरलेल्या मोठ्या आतड्यात डोकावतं आणि त्याच्याभोवती हवेची चंद्रकोर उमटते. ही कोर दिसली तर निदान जवळजवळ हातात आलं. मात्र ती सहजासहजी दिसत नाही.

खरी अडचण याहून मोठी आहे. साध्या एक्स-रेत हा आजार निम्म्याच्या आसपास बाळांतच पकडता येतो. उरलेल्यांचा एक्स-रे निर्दोष वाटू शकतो किंवा त्यावरून काहीच ठरत नाही. जाणत्या हातांतली सोनोग्राफी मात्र शंभरातली पंचाण्णवहून अधिक बाळं ओळखते आणि तिला किरणोत्सर्गही लागत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, घरी न्या’ हे वाक्य अशा बाळाच्या बाबतीत धोक्याचं आहे. एक्स-रेचं मोल दुसरीकडे आहे. आतडं फुटून पोटात मोकळी हवा सुटली असेल, तर डाव्या कुशीवरच्या एक्स-रेत ती यकृताच्या वर काळ्या पट्टीसारखी दिसते. ती दिसली की पुढची वाट थेट ऑपरेशन थिएटरची.

अशी मोकळी हवा नसेल आणि बाळ स्थिर असेल, तर बहुतेकदा पोट उघडावंच लागत नाही. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1876 साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या एकोणीस वर्षं आधी, गुदद्वारातून सोडलेल्या पाण्याच्या दाबाने आतडं मागे सरकवण्याचे अनुभव मांडले होते. आज हेच काम हवेनेही होतं. दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि शल्यचिकित्सक तयारीत असतो. पडद्यावर मोठ्या आतड्यातला गोळा उजवीकडे मागे सरकत जातो, क्षणभर अडतो आणि हवा एकदम लहान आतड्यात पसरते. सुटलं! अनुभवी केंद्रांत दहापैकी आठ-नऊ बाळं अशीच बरी होतात. साधारण दहातल्या एकाला मात्र हा त्रास पुन्हा होतो, म्हणून त्यानंतरही लक्ष ठेवावं लागतं.

शीतून जेलीसारखं लाल रक्त पडणं हे या आजाराचं प्रसिद्ध लक्षण आहे. पण ते बऱ्याचदा उशिरा दिसतं आणि काही बाळांत दिसतही नाही. त्याची वाट पाहू नका. बाळ थांबून थांबून कळवळत असेल, मधल्या वेळात मलूल पडत असेल, हिरवी उलटी करत असेल, तर रात्र असो वा पहाट, सोनोग्राफी आणि बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठा. एक्स-रे काढला असेल तर तो सोबत न्या आणि पहिली कळ किती वाजता आली, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.