दारू अचानक बंद होते तेव्हा

पाय मोडून वॉर्डात आलेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘अंगावर किडे चालताहेत’ म्हणून ओरडू लागतो. नातेवाइकांना वाटते, वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली. अनेकदा कारण साधे असते: रोजची दारू अचानक बंद झालेली असते.

शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 2 ते 4 दिवसांत भ्रम, ताप, धडधड. ही अवस्था जिवावर बेतू शकते. वेळेवर लोराझेपाम किंवा डायझेपाम आणि थायामिनची इंजेक्शने मिळाली, तर बहुतेक रुग्ण सावरतात.

म्हणून दाखल करतानाच न लाजता सांगा: रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली. दारू सोडावीच, पण रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली.