पदवीच्या पोरांनी उभं केलेलं काम

बेसिक ही संगणकभाषा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जन्मली आणि जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक तिचे जनक, एवढं संगणकाचं पहिलं पुस्तक वाचलेल्या बहुतेकांना ठाऊक असतं. ती भाषा ज्या यंत्रणेवर चालली ती मात्र पदवीच्या वर्गातल्या मुलांनी लिहिली होती. साठ वर्षांनी त्या काळाचा मागोवा घेताना मला भाषेपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

सुरुवात बरीच आधीची आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर या छोट्या गावातल्या या कॉलेजाकडे पन्नासच्या दशकात स्वतःचा संगणकच नव्हता. कुर्ट्झ पंच केलेली कार्डं घेऊन आगगाडीने बॉस्टनला जायचे, एमआयटीच्या मशीनवर ती चालवून घ्यायचे आणि निकाल घेऊन परतायचे. एखादं चिन्ह चुकलं, तर पुढच्या खेपेपर्यंत थांबणं आलंच. १९५९ मध्ये एलजीपी-३० नावाचा टेबलाएवढा संगणक आला. त्याची मेमरी म्हणजे फिरत्या ड्रमवरचे ४०९६ शब्द, बस्स. एवढ्याशा जागेत अल्गोलसारख्या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, बसवायचा, हे अनुभवी माणसालाही घाम फोडणारं काम. ते अंगावर घेतलं विद्यार्थ्यांनी. आधी ‘अल्गोल-३०’ झाला, मग ‘स्काल्प’. प्रोग्रॅम वाचला की लगेच चालवायचा, अशी ‘स्काल्प’ची रीत होती. स्टीफन गारलंड आणि अँथनी नॅप ही त्यातली दोन नावं. १९६२ मध्ये केमेनींनी सिडनी मार्शल या विद्यार्थ्याला घेऊन ‘डोप’ नावाची सोपी भाषाही करून पाहिली. ती फारशी चालली नाही, पण बेसिकची चाहूल तिच्यात आहे.

या काळात दोघा प्राध्यापकांची एक खात्री पटली: हुशार पोराला मशीन मोकळं सोडून दिलं आणि खरं काम दिलं, तर ते पार पडतं. पुढचा सगळा डाव त्यांनी या खात्रीवर लावला.

एका संगणकाचा वेळ अनेकांमध्ये वाटायचा, म्हणजे टाइम-शेअरिंग, ही कल्पना एमआयटीत जॉन मॅकार्थींनी कुर्ट्झना सुचवली होती. केमेनींचं म्हणणं होतं की संगणक ग्रंथालयासारखा हवा. कोणीही यावं, परवानगी न मागता पुस्तक काढावं. कला शाखेच्या मुलालाही तो वापरता आला पाहिजे, याबद्दल ते ठाम होते. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज गेला, तेव्हा प्रोग्रॅमिंग पदवीचे विद्यार्थी करणार, हे वाचून परीक्षकांनी शंका काढल्या. त्या काळात हे स्वाभाविकच होतं. मोठमोठ्या संस्थांची कसलेली माणसं टाइम-शेअरिंगशी झुंजत होती. तरीही पैसे मिळाले.

१९६४ च्या फेब्रुवारीत जनरल इलेक्ट्रिकची दोन मशीनं कॉलेज हॉलच्या तळघरात आली: हिशेब करणारं जीई-२२५ आणि टेलिटाइपशी, म्हणजे तारेने जोडलेल्या टायपिंगच्या यंत्रांशी, बोलणारं डेटानेट-३०. मायकेल बुश आणि जॉन मॅकगेची या दोन विद्यार्थ्यांनी दोन्हींची यंत्रणा लिहायला घेतली. रचना वेगळी होती. हुकूम चालायचा तो लहान डेटानेटचा. मोठं मशीन त्याने सांगितलेलं काम करायचं.

या यंत्रणेचा साधेपणा एका नियमात दिसतो. टाइप केलेली ओळ आकड्याने सुरू झाली, तर ती प्रोग्रॅमचा भाग. त्या क्रमांकाच्या जागी जाऊन बसणार. आकडा नसला, तर ती आज्ञा. लगेच अमलात येणार. चूक झाली तर तोच क्रमांक देऊन ओळ पुन्हा लिहायची, मधे काही घालायचं तर १० आणि २० च्या मधला १५ घ्यायचा. मग रन म्हणायचं. तेवढ्यावर संपूर्ण प्रोग्रॅम मोठ्या मशीनकडे जायचा, कंपाइल व्हायचा, आणि सेकंदाला दहा अक्षरं या गतीने उत्तर कागदावर उमटायचं. कार्डं आणि आगगाडी आठवा, म्हणजे या दहा अक्षरांची किंमत कळेल.

या काळातली एक बाजू मला फार मोलाची वाटते. बेसिकचा कंपायलर केमेनी स्वतः लिहीत होते. म्हणजे प्राध्यापकाचं काम चालणार की नाही, हे विद्यार्थ्याच्या कामावर ठरणार होतं. एरवी विद्यार्थ्यांचा प्रकल्प परीक्षकाने पाहिला की कपाटात जातो. तो बंद पडला तर कोणाचंच अडत नाही. इथे सगळ्यांचंच अडणार होतं, आणि पोरांना ते पक्कं ठाऊक होतं. १ मे १९६४ ला पहाटे चार वाजता केमेनी आणि एक विद्यार्थी दोन टेलिटाइपांवर बसले, दोघांनी रन दिलं, आणि दोघांनाही बरोबर उत्तरं मिळाली. यंत्रं येऊन अवघे दोन-अडीच महिने झाले होते.

त्या पानगळीच्या सत्रापर्यंत वीस टेलिटाइप झाले, आणि पहिल्या वर्षाची मुलं गणिताच्या तासांचा भाग म्हणून प्रोग्रॅम लिहू लागली. डिसेंबर १९६६ मध्ये कीविट संगणक केंद्र उघडलं. पुढे मोठ्या जीई-६३५ साठी यंत्रणा नव्याने लिहायची वेळ आली, तेव्हाही विद्यार्थीच पुढे होते. जुनी तुकडी पास होऊन जायची, नवी तिचा कोड वाचत वाचत शिकायची. जनरल इलेक्ट्रिकने याच कामावर स्वतःची टाइम-शेअरिंग सेवा बाजारात आणली. १९६८ मध्ये सिएटलच्या लेकसाइड शाळेत बिल गेट्स आणि पॉल ॲलन बेसिक शिकले ते याच कंपनीच्या सेवेवर. आपल्याकडे १९८४ च्या ‘क्लास’ योजनेत शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांतलं बेसिकही याच घराण्यातलं.

या कथेला एक मोठी मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. तेव्हा डार्टमथला फक्त मुलगे शिकत. मुलींना नियमित प्रवेश मिळाला तो १९७२ पासून. सर्वांसाठी संगणक म्हणताना ‘सर्व’ कोण, हे कॉलेजच्या दारावरच ठरलेलं होतं. किती मुलींच्या हातून असंच काम झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

केमेनी १९७० मध्ये कॉलेजचे अध्यक्ष झाले, १९९२ मध्ये गेले. कुर्ट्झ २०२४ मध्ये. विद्यार्थ्यांचं श्रेय दोघांनीही मोकळेपणाने दिलं. सार्वजनिक स्मृतीने मात्र दिलं नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने हॅनोव्हरजवळ रस्त्याच्या कडेला बेसिकचा स्मृतिफलक उभारला. त्यावर दोघा प्राध्यापकांची नावं आहेत. बुश आणि मॅकगेची यांची नावंही तिथे असायला हवी होती.