वजनाचा रकाना

‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकाच्या 1974 सालच्या अंकातली 32 गाड्यांची माहिती ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळते. रिग्रेशन, म्हणजे आकड्यांच्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढणं, समजावून सांगायला मला याहून चांगली यादी सापडलेली नाही. गाडी घेताना आपण विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ तोच प्रश्न या यादीला विचारायचा: हाताने गिअर टाकायची गाडी जास्त देते की ऑटोमॅटिक?

एक ओळ टाइप केली की उत्तर हजर. हाताच्या गिअरच्या 13 गाड्या 19 ऑटोमॅटिक गाड्यांपेक्षा गॅलनमागे सरासरी 7.245 मैल जास्त धावतात. आर-स्क्वेअर 0.36, म्हणजे मायलेजमधल्या फरकाचा 36 टक्के भाग गिअरवरून सांगता येतो. कितीतरी अहवाल इथेच थांबतात.

आता वजनाचा रकाना घाला. 7.245 च्या जागी उणे 0.024 येतं! गिअरचा फायदा गेला कुठे? हे गणित कागदावर करावंच. हाताच्या गिअरच्या गाड्या सरासरी 1,358 पौंडांनी हलक्या आहेत आणि दर हजार पौंडांमागे मायलेज 5.353 मैलांनी घटतं. 1.358 ला 5.353 ने गुणलं की 7.269, त्यातून 0.024 वजा केले की बरोबर 7.245. हलकेपणाचं सगळं श्रेय गिअरच्या खात्यावर जमा झालं होतं. वजनाचा संबंध मायलेजशी आहे आणि गिअरशीही, म्हणून हे घडलं. यातला एक जरी संबंध नसता, तरी वजन गाळल्याने गिअरचा आकडा बिघडला नसता.

आर-स्क्वेअर आता 0.75 आहे, पण गिअर काढून नुसतं वजन ठेवलं तरी तो 0.75 च राहतो. रेषा ठिपक्यांच्या किती जवळून जाते एवढंच तो मोजतो. श्रेय कोणाचं, हे त्याला दिसत नाही. मनाला येतील त्या आकड्यांचा रकाना घातला तरी तो कमी होत नाही.

पाव मैल कापायला लागणारा वेळही घातला, तर आर-स्क्वेअर 0.85 वर जातो आणि गिअरचा आकडा 2.94 होतो. हे तिसरं उत्तर. पण तो वेळ इंजिनाच्या ताकदीवर ठरतो, तसा गिअरवरही. तेव्हा हा रकाना घ्यावा की नाही, हे गाड्यांचा जाणकारच सांगू शकेल. तोवर या 32 गाड्यांवरून गिअरचा परिणाम खात्रीने सांगता येत नाही, असंच मी लिहून देईन.