मोटार, ट्रॉली आणि कास्तकाराचे कर्तव्य

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करण्याचा प्रघात वाचकांस सांगावयास नको. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले, त्याची वास्तपुस्त करावी, हा त्यामागील हेतू होय. बंडी गावाबाहेर काढण्यापूर्वी आखास वंगण आहे की नाही, हेही जुना कास्तकार न चुकता पाहत असे. आज अनेक कास्तकारांच्या दारी मोटार व ट्रॅक्टर उभे आहेत. परंतु बैलाच्या खांद्यावर फिरणारा तो मायेचा हात यंत्राच्या वाट्यास क्वचितच येतो. या उपेक्षेची किंमत पैशात मोजता आली असती, तर आम्ही लेखणी उचललीच नसती. ती माणसांच्या प्राणांनी द्यावी लागते, म्हणून हा लेख.

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणींकरिता आणि चुन्याच्या भट्ट्यांकरिता प्रसिद्ध आहे. त्या बाजूच्या सडकांवर कोळशाचे अवजड ट्रक, कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, मोटारसायकली आणि बैलबंड्या एकाच वेळी चालतात. त्यात आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे डांबरी सडकेची कड खचते आणि चाक खाली उतरताच गाडी ओढ घेते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल सडकेवर येतो. त्यावर कोळशाची भुकटी आणि मृगाची पहिली सर पडली, म्हणजे सडक निसरडी होते. अशा मुलखात गाडी हाकणाराने दुप्पट सावध असणे अवश्य आहे.

प्रथम गाडीच्या निगेचा विचार करू. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून त्यातील हवा कमी ठेवावी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, त्यामुळे टायर आतून तापतो आणि तापूनच फुटतो. बहुतेक मोटारींत हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला असतो. गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना, निदान पंधरवड्यातून एकदा तो तपासावा. टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी उरली असल्यास तो टायर बदलावा. गुळगुळीत टायर पावसात पाणी बाजूस सारू शकत नाही.

इंजिनातील तेल, रेडिएटरचे पाणी आणि ब्रेकचे तेल यांची पातळी सकाळी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. रेडिएटरचे झाकण इंजिन तापलेले असता कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते. हवेची गाळणी आपल्या धुळीच्या मुलखात नेहमीपेक्षा लवकर साफ करावी अथवा बदलावी. तुंबलेल्या गाळणीने इंजिनाचा श्वास कोंडतो व इंधन व्यर्थ जळते. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक ओले होतात. तेव्हा काही अंतर हळू जाऊन ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबावे, म्हणजे ते वाळतात. मात्र निर्गुडेच्या किंवा कोणत्याही नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालूच नये. घरी उशिरा पोहोचणे पत्करावे.

आता वेगाविषयी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद लोटतो. गाडी थांबू लागते ती त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. कोळशाच्या ट्रकमागे धुळीचा लोट असताना पुढे जाण्याची घाई करणे म्हणजे डोळे मिटून समोरच्या वाहनावर जाणे होय. मागेच राहावे, अंतर वाढवावे आणि धूळ बसू द्यावी. पट्टा प्रत्येकाने, मागे बसणारानेही, बांधावा.

सर्वांत मोठे संकट मात्र अंधारात उभे असते. गेल्या कापसाच्या हंगामात वणीहून परतताना दिवेलागणीनंतर आमच्या मोटारीपुढे एकाएकी एक काळी भिंत उभी राहिली. ती कापसाची ट्रॉली होती. मागे ना दिवा, ना तांबडी चकाकती पट्टी. ब्रेक चांगले होते म्हणून आम्ही वाचलो. त्या कास्तकारास आम्ही मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज आमचीच ट्रॉली पाहिली, तर तिचाही मागचा दिवा फुटलेला आणि पट्टी चिखलाने झाकलेली! तेव्हा बोल लावण्याचा अधिकार आम्हांस उरला नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, मोटारीची काळजी घेणाराने आपल्या ट्रॉलीकडेही पाहावे. मागचा दिवा चालू ठेवावा, तांबडी पट्टी दर आठवड्यास पुसावी, बंडीलाही ती लावावी. नादुरुस्त ट्रॉली सडकेवर सोडून गावात जाऊ नये. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर इशाऱ्याची खूण ठेवावी. ट्रॉलीत मजूर बसवून नेणे तर सर्वथा टाळावे.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. कोठे अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीस सद्भावनेने मदत करणारास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. तेव्हा पोलिसांच्या भयाने पाठ फिरवू नये.

बैल थकला की थांबतो, वाट चुकली तरी घर ओळखतो. यंत्रास यांपैकी काहीच कळत नाही. त्याच्या वाट्याचे शहाणपण त्याच्या धन्यासच बाळगावे लागते. वाचकांनी हा अंक खाली ठेवल्यावर एकवार उठून ट्रॉलीचा मागचा दिवा लावून पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे.