समजून घ्या : कोरोनाकाळात वैमानिकांना दुहेरी चिंता का होती?

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद झाली. २५ मे रोजी ती मर्यादित स्वरूपात सुरू झाली, पण वैमानिकांची चिंता संपली नाही.

पगार का घटला?
वैमानिकाच्या वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. विमानं उभी राहिली की तास घटतात आणि पगारही. त्यात कंपन्यांनी वेतनकपात केली.

घरी बसल्याने काय बिघडतं?
प्रवासी विमान उडवण्यासाठी मागच्या ९० दिवसांत किमान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेले असावे लागतात. ते सिम्युलेटरवरही भरून काढता येतात.

आजारी पडल्यास?
क्लास-१ मेडिकल वैध नसेल तर लायसन्स असूनही विमान उडवता येत नाही. त्यामुळे कोरोनातून बरं झाल्यावरही फुप्फुसावर किंवा हृदयावर परिणाम राहिला, तर नोकरीच धोक्यात येऊ शकते.

मग मागणी काय होती?
७ मे २०२० पासून वंदे भारत मिशनमध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी परदेशात अडकलेल्या भारतीयांना मायदेशी आणलं. वर्षभराने, मे २०२१ मध्ये त्यांच्याच संघटनेला इशारा द्यावा लागला : आधी लस द्या, नाहीतर काम थांबवू.