बुश बदलताना: रबर की पीयू?

गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खडक्’ असा आवाज येतो, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. मेकॅनिक गाडीखाली डोकावून सांगतो, ‘लोअर आर्मचे बुश गेलेत.’ लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला लवचिक तुकडा. हौशी वाहनधारक अशा वेळी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, बुश घरीच बसवायचा विचार करतात. ‘जास्त कडक म्हणजे जास्त चांगला’ एवढाच हिशेब असेल, तर तो चुकण्याची शक्यता मोठी.

रबरी बुशमध्ये लोखंडाच्या दोन नळ्या एकात एक असतात आणि मधले रबर दोन्हींना पक्के चिकटवलेले असते. आतली नळी बोल्टने जखडलेली, बाहेरची आर्मबरोबर हलणारी. चाक वर-खाली झाले तरी काहीच घासत नाही. ओला कपडा पिळावा तसे रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. त्यात धक्क्याची थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते आणि रस्त्याची थरथर केबिनपर्यंत कमी पोहोचते. मात्र उष्णता, हवेतला ओझोन आणि गळणारे ऑइल रबराच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू बिघडवतात. भेगा पडतात, रबर नळीपासून सुटते.

पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर यांनी १९३७मध्ये जर्मनीत विकसित केले. ऑइल आणि ओझोनला ते चांगले तोंड देते. शोअर-ए मापावर रबरी बुशचा कठीणपणा साधारण ५० ते ७०, तर पीयूचा बहुधा ७० ते ९५ असतो. त्यामुळे वळणावर चाकाचा कोन कमी ढळतो, स्टिअरिंग नेमके वाटते. पण पीयू बुश सहसा नळीला चिकटवलेला नसतो. नळी त्याच्या आत फिरते. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते, आणि ते सुकले की बुश करकरतो. शिवाय जिथे आर्मला फिरण्याबरोबर तिरकेही व्हावे लागते, तिथे कडक बुश अडतो आणि ताण जोडणीवर जातो.

घरच्या घरी सुरुवात करायची तर स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याच्या, बुशपासून करावी. बऱ्याच गाड्यांत ते एका बाजूने चिरलेले असतात. पट्टी सोडली की निघतात. लोअर आर्मचे बुश मात्र हायड्रॉलिक प्रेसवरच काढून बसवून घ्यावेत. हातोड्याने ठोकल्यास आर्म वाकू शकतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्क्या जमिनीवर स्टँड लावावेत, टेकलेल्या चाकांना उटी द्यावी. रबरी बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नये. तसे केल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच, कंपनीने दिलेल्या टॉर्कने, तो पूर्ण आवळावा.

रोजच्या वापराच्या गाडीला लोअर आर्मसाठी कंपनीच्या दर्जाचा रबरी बुशच योग्य. वळणावर गाडी कमी झुकावी असे वाटत असेल, तर पीयूचा प्रयोग स्टॅबिलायझर बारपुरता करावा. आणि आर्म उघडला असेल, तर व्हील अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये.